वरून खाली

आमच्याकडे जुनी इमारत पाडायची ठरली की मालक पैसे देत नाही, घेतो. पाडणारा ठेकेदार एक चक्कर मारतो, खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करून सागवान आहे की आडजात ते पाहतो. खिडक्यांचे गज किती, शहाबादी फरशा किती, जिन्याचा कठडा बिडाचा आहे का, याचा मनातल्या मनात हिशेब मांडतो आणि चहा संपायच्या आत एक आकडा सांगतो. थोडी घासाघीस होते. ठरलं की इमारत त्याची. जागा मोकळी करून द्यायची, एवढी एकच अट. ती कशी मोकळी करायची, कुठून सुरुवात करायची, शेजारच्या भिंतीचं काय, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचं काय, यातलं काहीही त्या बोलण्यात येत नाही. नंतर गावात भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती आले?"

मी स्थापत्य अभियंता. कामं बहुतेक लातुरात, मूळ गाव मुरुड. मुरुड म्हटलं की परगावचे लोक जंजिऱ्याची चौकशी करतात, नारळी-पोफळी विचारतात. आमच्या मुरुडला समुद्र नाही. लातूरहून बार्शीला जाणारा रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढत गेलेली बाजारपेठ आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, खतं, कापड, आणि आता मोबाइल. गेल्या काही वर्षांत या पेठेतल्या जुन्या इमारती एकेक करून जातायत आणि त्यांच्या जागी खाली शटर, वर हॉल, त्याच्या वर क्लास किंवा दवाखाना, अशी ठरावीक इमारत उभी राहतेय. आमच्या चुलत घराण्याची भुसाराची इमारतही त्या रांगेत आली. भाऊबंदांच्या सह्या झाल्या, बिल्डर ठरला, नव्या इमारतीचं रंगीत चित्र छापून पेढीच्या भिंतीवर लागलं. जी पाडायची तिच्याच भिंतीवर. थोरल्या चुलतभावानं मला बोलावलं ते नव्या इमारतीच्या कॉलमच्या जागा तपासायला. मी म्हटलं, दादा, आधी पाडायचा आराखडा करू. तो हसला.

"बांधायला प्लॅन लागतो ते मान्य. पाडायला कसला प्लॅन आलाय?"

त्याचं हसणं मला खटकलं नाही. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत मलाही पाडायला कुणी शिकवलं नव्हतं. तुळईवर किती भार येतो, खांबात किती सळ्या घालायच्या, पाया किती खोल न्यायचा, यावर ढीगभर वाचलं. तीच तुळई पन्नास वर्षांनी काढायची वेळ आली तर हात आधी कुठं घालायचा, यावर एक तासही झाला नाही. खरं तर त्यासाठी भारतीय मानक आहे. आय. एस. ४१३०, इमारती पाडताना पाळायच्या सुरक्षिततेची संहिता, १९९१ची. पानं थोडी, सांगणं साधं. आधी इमारत तपासा. वीज-पाणी तोडा. काचा आधी उतरवा. मजल्यामागून मजला वरून खाली या. आधार काढून घेतलेली भिंत एकटी उभी ठेवू नका. ही संहिता मी आजवर एकाही पाडकामाच्या जागी कुणाच्या हातात पाहिलेली नाही. ठेकेदाराच्या हातात मात्र वजनकाटा हमखास असतो.

आमची इमारत दिसायला एक, असायला दोन. मागे निजामाच्या काळातलं गोदाम. दोन-अडीच फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती, मातीत रचलेल्या. आत सागवानी खांब आणि तुळया, वर माळवद. पुढे रस्त्याच्या बाजूला सत्तरच्या दशकात जोडलेला आर. सी. सी. भाग. खाली गाळे, वर पेढीची बैठक, आणि रस्त्यावर झुकलेला रुंद छज्जा. दोन्हींच्या मधली दगडी भिंत सामाईक होती. तिच्यावर मागून तुळया टेकलेल्या आणि पुढून स्लॅब. नकाशा नव्हताच. ग्रामपंचायतीच्या दप्तरात चौरस फूट होते आणि घरपट्टी होती. म्हणजे इमारत वाचायची ती इमारतीवरूनच.

या वाचनात खरी साथ दिली ती मुकादमानं. वडार समाजातला, साठी उलटलेला माणूस. घरात आज्या-पणज्यापासून दगडाचं काम. त्याला सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. मामा भिंतीच्या कडेला उभा राहायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं भिंतीची रेघ बघायचा. मग हातातली पहार दगडावर हलकेच आपटायचा आणि कान द्यायचा.

"भाऊ, हिला पोट सुटलंय बगा. वरून गप दिसायलीय, पन आतून सुटलीय."

जुनी दगडी भिंत म्हणजे मुळात दोन भिंती. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे दगडगोटे-माती. दोन्ही थरांना आरपार धरणारे लांब दगड घातलेले असतील तर भिंत एकजीव. नसतील तर पावसाचं पाणी मधे मुरत राहतं, भराव फुगतो आणि बाहेरचा थर वर्षावर्षानं पुढे सरकतो. तरी ती उभी राहते, कारण वरचं ओझं आणि बाजूच्या तुळया तिला कसंबसं धरून असतात. हे धरणारं काय आहे ते ओळखणं आणि ते नेमकं कधी सोडायचं ते ठरवणं, पाडकामाचा सगळा आराखडा एवढाच. बाकी पत्रव्यवहार.

या भिंतींची आणि आमच्या मुलखाची ओळख जुनी आणि वाईट आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाहून परतलेली माणसं नुकती आडवी झाली होती. किल्लारीच्या आसपासची ५२ गावं जमीनदोस्त झाली, सरकारी नोंदीत जवळपास आठ हजार माणसं गेली. जगाच्या मापानं तो भूकंप मध्यमच होता. माणसं मारली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या माळवदांनी. पावसाळ्याआधी छत गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची, आधीची मात्र काढायची नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. एक फूट जाडीच्या मातीचं वजन दर चौरस मीटरला साधारण अर्धा टन भरतं. कित्येक घरांवर ती दोन फुटांपर्यंत चढलेली होती. पुढे घरं मजबूत करण्याच्या ज्या सूचना आल्या, त्यांत दोन गोष्टी ठळक होत्या. छतावरची जादा माती उतरवा आणि दगडी भिंतींत आरपार जोडदगड बसवा.

मुरुड किल्लारीपासून लांब, तरी आमच्याकडेही त्या पहाटे फळीवरची भांडी खाली आली होती आणि माणसं रस्त्यावर. मी शाळकरी होतो. त्यानंतर कितीतरी दिवस सगळी गल्ली पत्र्याच्या आडोशाखाली झोपली. आणि मग सुरू झालं ते पाडकाम, ज्याची कुठंच मोजदाद नाही. लोकांनी भीतीपोटी आपापली माळवदं स्वतःच उतरवली. बाप आणि मुलगा टिकाव-खोरं घेऊन वर चढलेले, ज्या मातीवर उभे आहेत तीच खणतायत, खाली आई कोनाड्यातले देव हलवतेय, हे दृश्य मी घरोघर पाहिलं. कुणी एका बाजूची माती पुरती काढून दुसरी बाजू तशीच ठेवली, कुणी आधी खांब काढला. इमारत कशी पडते हे लातूर-उस्मानाबादइतकं देशात फार थोड्या ठिकाणी कळलं असेल. ती कशी उतरवायची हे मात्र आम्ही तेव्हा शिकलो नाही आणि नंतरच्या तीस वर्षांतही नाही.

याचं कारण अडाणीपणा, असं मला वाटत नाही. कारण व्यवहारात आहे. इमारत ज्यानं विकत घेतली, त्याच्या दृष्टीनं ती इमारत उरतच नाही, ती माल होते. मालात जे महाग ते आधी काढायचं, कारण दिलेला आगाऊ पैसा लवकर सुटला पाहिजे. जुन्या इमारतीत सगळ्यांत महाग काय? सागवानी तुळया. भिंतींना एकमेकींशी बांधून धरणारं काय? त्याच तुळया. ठेकेदार मूर्ख नसतो, दुष्टही नसतो. त्याचा हिशेबच त्याला खालून आणि आतून पोखरायला लावतो.

हे फक्त आमच्या मराठवाड्याचं दुखणं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५ जून २०१३ रोजी मार्केट स्ट्रीटवर एक व्यापारी इमारत पाडली जात होती. शेजारी साल्व्हेशन आर्मी या संस्थेचं जुन्या वस्तूंचं एकमजली दुकान, आत गिऱ्हाइकं. पाडणाऱ्या ठेकेदारानं इतरांपेक्षा फारच कमी दरात काम घेतलं होतं, आणि आतल्या लाकडी तुळया आधी काढून विकल्या. मधले मजले गेले आणि दुकानाच्या डोक्यावर कित्येक फूट उंच विटांची भिंत कशाच्याही आधाराविना उभी राहिली. ती दुकानावर कोसळली. सहा माणसं तिथंच गेली, सातवं नंतर गेलं. ठेकेदाराला पुढे सदोष मनुष्यवधासाठी लांब मुदतीची शिक्षा झाली आणि नुकसानभरपाईची रक्कम २२.७ कोटी डॉलरपर्यंत गेली. तिथं कायदा होता, परवाना होता, तपासनीस होता. पण तुळई विकून पैसे सुटणार होते, आणि सगळ्यांवर मात केली ती या गोष्टीनं. मी ही हकिकत दादाला सांगितली. तो म्हणाला, "ते अमेरिकेत."

दादाला पटलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्या भिंतीला लागून एक मेडिकल स्टोअर आहे. त्या गृहस्थांना इमारत पाडली जाणार हे कळलं आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की माझ्या भिंतीला एक केसाएवढा तडा गेला तरी वकिलाची नोटीस येईल. माझी आकडेमोड आणि फिलाडेल्फियाची सात माणसं मिळून जे करू शकली नाहीत, ते या एका वाक्यानं झालं. दादा म्हणाला, "कर बाबा तुझा प्लॅन." माझी एकच अट होती. पाडायची मजुरी आपण द्यायची, आणि निघालेला माल आपला. तो नंतर वेगळा विकू.

मग कामाला लागलो. पहिलं काम मेडिकलवाल्यांच्या दुकानात. त्यांच्या भिंतीवरचे आधीचे तडे त्यांच्यादेखत पाहिले, फोटो काढले, प्रत्येक तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी पट्टी लावून तारीख घातली. तडा हलला तर पट्टी चिरते, मग वाद घालायला जागा राहत नाही. दुसरं, वीज. मीटर काढून नेलं म्हणजे वीज गेली असं लोक धरून चालतात, पण खांबावरून भिंतीपर्यंत आलेली केबल जिवंतच असते. ती महावितरणकडून खांबापासून सोडवून घेईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, असं ठरलं. गाळ्यांच्या वर गंजलेल्या पत्र्यांसोबत जुने सिमेंटचे पत्रेही होते. अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते घणानं फोडायचे नाहीत. पाणी मारून, हूक सोडवून, अख्खेच उतरवायचे. मजुरांना हे सगळ्यांत विचित्र वाटलं. पत्रा फोडू नका म्हणणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता.

तिसरी गोष्ट मला सुचलीच नसती. ती थोरल्या काकूंनी सांगितली. काकू नव्वदीच्या जवळ, ऐकू कमी येतं, पण इमारत पाडताहेत म्हटल्यावर त्यांनी दादाला बोलावून विचारलं, "पेवाचं काय केलंत?" गोदामात कधीकाळी जमिनीखाली धान्याचं पेव होतं, आणि ते बुजवलं की नुसतं झाकलं, हे हयात असलेल्यांपैकी कुणालाच सांगता येईना. वीस टनी पोकलेन अशा झाकणावर गेलं तर काय होईल, ते सांगायला अभियंता लागत नाही. मामानं पहार घेऊन गोदामाची सगळी जमीन ठोकत काढली. एका कोपऱ्यात आवाज बदलला. वरची माती काढली तर फरशा, फरशांखाली पोकळी. दोन पोरं उत्साहानं आत उतरायला निघाली होती, मामानं त्यांना चांगलंच झापलं. बंद पेवातली हवा माणूस मारते. त्यात प्राणवायू उरलेला नसतो आणि उतरणाऱ्याला ते कळतही नाही. पेव उघडं ठेवलं, वरूनच मुरूम ओतून भरलं, दाबलं. पेवात उरलं होतं थोडंसं काळं पडलेलं भुस्काट.

गावातल्या तरुण मंडळींना एवढा खटाटोप पटेना. त्यांच्या मोबाइलवर नोएडाचे जुळे मनोरे होते. २८ ऑगस्ट २०२२, जवळपास शंभर मीटर उंचीच्या दोन इमारती, सुमारे ३,७०० किलो स्फोटकं, आणि काही सेकंदांत सगळं खाली. "तसं करता येत नाही का?" करता येतं. पण त्या सेकंदांआधी कित्येक महिन्यांचं काम होतं. मुंबईची एडिफिस आणि दक्षिण आफ्रिकेची जेट डिमॉलिशन या कंपन्यांनी खांबांना हजारो भोकं पाडून स्फोटकं भरली होती, आधी एक चाचणी स्फोट घेतला होता, आजूबाजूच्या सोसायट्या रिकाम्या केल्या होत्या. आणि स्फोटकं काही ब्रह्मवाक्य नव्हे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री पुण्यातल्या चांदणी चौकातला पूल उडवला, ६०० किलो स्फोटकांनी, टीव्हीवर थेट दाखवून. धूळ बसली तेव्हा पुलाचा बराच भाग जागेवर होता. काँक्रीट फुटलं होतं, सळ्यांनी धरून ठेवलं होतं. उरलेलं मशीननं तोडावं लागलं. बोरघाटातला १८३०चा अमृतांजन पूल स्फोटानं नीट गेला, पण त्यासाठी एप्रिल २०२०ची टाळेबंदी आणि रिकामा द्रुतगती मार्ग मिळाला होता. मुरुडच्या पेठेत शेजाऱ्याची भिंत लागून असताना स्फोटकांचं नाव काढणं हाच गुन्हा. असं सांगितल्यावर पोरं थोडी हिरमुसली.

आमचं काम त्यांच्या मानानं फारच कंटाळवाणं झालं. आधी माळवदाची माती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नाही, तर सगळ्या खणांवरून सारखी, पातळ थरांत उतरवायची, म्हणजे कुठल्याही तुळईवर एकतर्फी भार राहत नाही. माती खाली घसरणीवरून सोडायची, छतावर ढीग करायचा नाही. मग फळ्या, मग किलचा. तुळया मात्र ठेवल्या. इथं ठेकेदाराचा चेहरा पाहण्यासारखा होता. सागवान डोळ्यांपुढे उघडं पडलेलं, आणि ते शेवटी निघणार!

पुढच्या भागात अडचण वेगळी. वरचा स्लॅब ब्रेकरनं फोडला की मलबा खालच्या स्लॅबवर पडतो, आणि मजुरांना तो तिथंच साठवून एकदम खाली ढकलायची सवय. दुकानाचा मजला साधारणपणे चौरस मीटरला ४०० किलोचा भार धरून आखतात. राहण्याच्या घराचा तर २०० किलोचाच. फुटलेल्या काँक्रीटचा एक फूट उंचीचा ढीग साडेचारशे किलोच्या घरात जातो. म्हणजे गुडघ्याएवढा ढिगारा झाला तर दुकानाचाही हिशेब चुकला. शिवाय आमचा स्लॅब जुना, खालून सळ्या गंजून पापुद्रे सुटलेले. म्हणून खाली लोखंडी प्रॉप लावले आणि मलबा रोजच्या रोज उतरवला.

सगळ्यांत धोकादायक तुकडा होता छज्जा, ज्याच्या सावलीत इतकी वर्षं भजीवाला आणि चप्पल शिवणारा बसला. छज्जा बाहेर झुकलेला असतो, आणि मागे त्याच्यावर असलेल्या भिंतीच्या वजनानं तोललेला. वरची भिंत आधी काढली की तो उलटून रस्त्यावर येतो. पाडकाम नेहमी वरून खाली, हा नियम पाठ असलेला माणूसही इथं फसतो, कारण वरची भिंत काढणं त्याला नियमाप्रमाणेच वाटतं. आम्ही छज्ज्याखाली टेकू लावले, रस्त्याची ती बाजू दोरी आणि पत्रे लावून बंद केली, पेठ उघडायच्या आत पहाटे छज्ज्याचे तुकडे कापून उतरवले, आणि मगच मागच्या भिंतीला हात लावला. भजीवाल्यानं गाडा समोर हलवला आणि त्याचं म्हणणं, तिकडे धंदा जास्त होतो.

स्लॅब गेला, आणि मधली दगडी भिंत राहिली. पोट सुटलेली तीच. तिला दोन्ही अंगांनी तिरके टेकू दिले. मामा आणि त्याची माणसं वर चढली आणि थराथरानं, हातानं, दगड उतरवत आली. दर दोन थरांनी मामा खाली यायचा, डोळा मिटून रेघ बघायचा आणि पुन्हा चढायचा. भिंत पडझड न होता कंबरेइतकी खाली आली तेव्हा तुळया मोकळ्या केल्या आणि तेव्हाच पोकलेन आत घेतलं. त्याच्या बकेटवर कुणीतरी नारळ फोडला, तोही तेव्हाच. भूमिपूजनाला गाव बोलावतात, पाडायला एवढंच.

पाडताना इमारतीबद्दल जेवढं कळतं तेवढं ती वापरताना कधीच कळत नाही. पुढच्या भागातला एक खांब वरच्या मजल्यावर होता, खालच्या मजल्यावर नव्हताच. तो सरळ गाळ्यांमधल्या विटांच्या भिंतीवर उभा केला होता. चार दशकं त्या खांबाशेजारी गादीवर बसून आमच्या वाडवडिलांनी हिशेब लिहिले. उलट मागच्या गोदामात, ज्याला आम्ही सगळे पडकं म्हणायचो, प्रत्येक तुळई खांबावर नेमकी मध्यभागी टेकलेली, प्रत्येक खांबाखाली घडीव दगडाची उथळी. ते बांधणाऱ्यांचं नाव कुठंही नाही, पण त्यांनी घाई केली नव्हती हे स्पष्ट दिसत होतं.

माल कुठं कुठं गेला त्याचा हिशेब मी मुद्दाम ठेवला. सागवानाला मुंबईचं गिऱ्हाईक आलं. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशा खांबांना मागणी असते. आमचा खांब आता कुठल्यातरी हॉटेलात काहीही न तोलता उभा असेल. सळ्या वजनावर गेल्या, आणि मराठवाड्यातलं लोखंडाचं भंगार बहुतेक जालन्याच्या वाटेला लागतं. तिथल्या भट्ट्यांत वितळून पुन्हा सळई होतं. घडीव दगड दादानं ठेवून घेतला. माळवदाची पांढरी माती शेतकरी शेतात टाकायला घेऊन गेले, त्यासाठी ट्रॅक्टरची रांग लागली होती. राहिलं काँक्रीटचं आणि विटांचं तुकड-तुकड.

त्याचं काय करायचं, हा प्रश्न मुरुडसारख्या गावात कुणी विचारत नाही. २०१६च्या नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा करणाऱ्यानं काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असे चार ढीग वेगळे करायचे होते. त्यानंतरचे नियम, ज्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर नजर ठेवतात. मुरुडच्या पेठेतली सगळ्यांत मोठी इमारतही त्याच्या आसपास पोचत नाही. मग मलबा जातो जुन्या आडांत. आड आटलेला असतो, वापरात नसतो, पोरं पडतील म्हणून धोक्याचा वाटतो. बुजवला की जागाही मिळते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, जलदूत. ती कुर्डुवाडी-बार्शीवरून मुरुडच्या बाजूनंच पुढे गेली. आम्ही लोक तिचे व्हिडिओ काढत होतो, आणि त्याच काळात शेजारच्या गल्लीत एका आडात स्लॅबचे तुकडे ओतले जात होते. आमचा मलबा आम्ही नव्या इमारतीच्या जोत्यात आणि शेतरस्त्याच्या भरावात वापरला. थोडा खर्च वाढला. आडाला हात लावला नाही.

मेडिकलवाल्यांच्या भिंतीवरच्या पट्ट्या शेवटपर्यंत चिरल्या नाहीत. त्यांनी तसं लिहून दिलं. पैशांचं म्हणाल तर मजुरी वजा जाऊन मालाचे जे आले, ते ठेकेदारानं पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमीच भरले. दादा हे मला प्रत्येक लग्नात ऐकवतो. मी नाकारत नाही. नीट पाडायला पैसे लागतात, आणि ज्या कामाला पैसे लागतात ते फुकटात, वर पैसे घेऊन करून देतो म्हणणारा माणूस ते पैसे दुसऱ्या कशातून तरी काढतो. बहुतेक वेळा मजुराच्या सुरक्षिततेतून, शेजाऱ्याच्या भिंतीतून, किंवा रस्त्यावरच्या भजीवाल्याच्या नशिबातून.

तेव्हा लातुरात असो, नांदेडात असो की आणखी कुठल्या तालुक्याच्या पेठेत, तुमची इमारत पाडायची वेळ आली तर करारात दोन रकमा वेगळ्या लिहून घ्या. पाडायची मजुरी एक आणि मालाची किंमत दुसरी. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला जमिनीखाली काय होतं ते विचारा. आणि ठेकेदाराला त्याचा आकडा सांगू द्यायच्या आधी विचारा, आधी काय काढणार आणि शेवटी काय. त्याला सांगता आलं नाही, तर इमारत अजून थोडे दिवस उभी राहू द्या.